आमचा धुरा, त्यांची धुरा

आमच्या बाबांनी आयुष्यात एकच नाटक लिहिलं. शंभरपानी वहीत, निळ्या शाईनं, आणि नाव ठेवलं ‘धुरा’. देवळीजवळच्या आमच्या गावात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. दोन सख्खे भाऊ धुऱ्यावरून भांडतात आणि शेवटच्या अंकात त्याच धुऱ्यावर बसून एका शिदोरीतलं जेवतात, एवढीच गोष्ट. दिवाळीनंतर शाळेच्या पटांगणात एकच प्रयोग झाला. थोरल्या भावाची मिशी दुसऱ्या अंकात गळून पडली, तरी बाया रडल्याच.

मी कॉलेजात होते तेव्हा वर्ध्याच्या टॉकीजवर पोस्टर लागलं: ‘धुरा’. झालं, बाबांच्या नाटकाचा पिक्चर निघाला अशी बातमी गावभर झाली. वही मुंबईला कशी गेली, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. बाबांकडे मात्र उत्तर तयार होतं. प्रयोगाला आलेल्या एका साहेबानं वही वाचायला नेली होती आणि महिन्याभरानं परत केली होती.

“त्यानंच धाडली असन,” बाबा म्हणाले आणि लग्नातला कोट काढला. आई, मी, शेजारचे काका, अजून दहा-बारा जण, अशी वरात एसटीनं वर्ध्याला गेली.

पडद्यावर नावं सुरू झाली. बाबा खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेले. कथा, पटकथा, संवाद, सगळं येऊन गेलं. बाबांचं नाव काही आलं नाही.

“शेवटी येते,” काकांनी धीर दिला.

पण पडद्यावर शेतच येईना. मोटारी, सभा, हारतुरे, आणि कुणीतरी पुढारी पक्षाची धुरा सांभाळत होता. मध्यंतरात काका न राहवून म्हणाले, “अन् धुरा कुठी हाये बापा याच्यात?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचा तो धुरा, त्यांची ती धुरा. मला इतकं हसू फुटलं की ओढणी तोंडात कोंबावी लागली. पिक्चर संपला, लोक उठले, तरी बाबा बसूनच होते. शेवटची बारीक अक्षरातली नावंसुद्धा ते ओठ हलवत वाचत होते. माझ्या त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

बाहेर आल्यावर काका तापले. “केस टाक तू! नाव चोरलं त्याईनं तुह्यं.”

बाबांनी कोट काढून हातावर घेतला. “नाव काय कोनाच्या बापाचं असते?” म्हणाले आणि एसटीकडे चालू लागले. पुढे वर्षभर गाव त्यांना ‘पिक्चरवाले’ म्हणून चिडवत होतं. तेही हसत. पण परत त्यांनी काही लिहिलं नाही.

यंदा माझं आठवणींचं पुस्तक आलं. नाव मी ‘धुरा’ दिलं, तर प्रकाशकांचा फोन. “अहो, या नावाचा सिनेमा आहे, आता मालिका आहे, एक गाणंही आहे. बदलू या.”

“नाव माझ्या बापाचं आहे,” मी म्हणाले.

त्यांना वाटलं, बाई हमरीतुमरीवर आली. मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, तेव्हा कुठे नाव कायम राहिलं.

पहिली प्रत घेऊन गावी गेले. बाबांना आता भिंगाशिवाय वाचता येत नाही. त्यांच्या हातात पुस्तक दिलं आणि मग मला दिसलं, मुखपृष्ठावर माझं नाव लग्नानंतरचं. मध्ये नवऱ्याचं नाव, शेवटी सासरचं आडनाव. बाबा कुठंच नव्हते. टॉकीजमधली ती खुर्ची आठवली.

बाबांनी भिंग माझ्या नावावरून हळूहळू फिरवलं. मग वर नेलं आणि ‘धुरा’च्या मोठ्या अक्षरांवर धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारली.

“अवं, इकडे ये. माह्यं नाव आलं.”