हसनभाईंनी सांगितलेला ‘पोर्ट’

चूक माझी होती आणि ती मला त्याच संध्याकाळी कळली होती. हे आधीच सांगतो, कारण महिन्यापूर्वी हसनभाई गेल्याचा फोन आला तेव्हा दुःखाच्याही आधी मनात आलं ते हे, की आता मला कुणी विचारणार नाही... त्या सुटकेची लाज अजून जात नाही.

हसनभाई जहाजावर सुकाणी होते. तीसेक वर्षं परदेशी मालवाहू बोटींचं चाक त्यांच्या हाती होतं. रत्नागिरीला कायमचे परतल्यावर ते रोज वाचनालयात येत आणि मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो म्हणून माझ्या शेजारी बसत. एखादा इंग्रजी शब्द घेऊन त्याचं मूळ शोधायचं, हा आमचा छंद. “सर, हे शब्द तुम्ही वाचलेत, मी त्यांचे हुकूम ऐकलेत,” असं म्हणून हसत.

तीन वर्षांपूर्वी तिथल्याच सभागृहात व्याख्यान देताना मी ‘पोर्ट’ या शब्दावर बोललो. बंदर या अर्थाचा पोर्ट लॅटिनमधला, पोर्ट या दारूचं नाव पोर्तुगालमधल्या एका बंदरावरून, इथवर ठीक होतं. मग म्हणालो, जहाजाच्या डाव्या बाजूचा दिवा लाल, ही दारूही लाल, म्हणून डावी बाजू पोर्ट. टाळ्या पडल्या. हसनभाई उभे राहिले.

“तसं नाय, सर. दिवे मागाहून आले. पूर्वी सुकाणू उजव्या अंगाला असायचं. ते धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून बोट डाव्या अंगाने बंदराला, म्हणजे पोर्टला, लावायचे. डाव्या बाजूला आधी दुसरा शब्द होता, पण वाऱ्यात तो उजव्या बाजूच्या शब्दासारखाच ऐकू यायचा. चाकावरच्या माणसाने उलटं ऐकलं, की बोट खडकावर.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “हसनभाई, चाक फिरवणं वेगळं आणि भाषा वेगळी.” लोक हसले. ते सावकाश खाली बसले.

घरी येऊन मोठा कोश उघडला. त्यांचा शब्द न् शब्द खरा होता. दुसऱ्या दिवशी ठरवून वाचनालयात लवकर गेलो. ते आले नाहीत. पुन्हा कधीच आले नाहीत. एकदा मच्छीबाजारात समोरासमोर आलो. “काय सर, बरं ना?” त्यांनीच विचारलं. ओठांवर आलेलं गिळलं आणि म्हणालो, “बांगडा ताजा दिसतोय.” ते थोडा वेळ थांबले... मग गेले.

परवा त्यांच्या घरी गेलो. अमीनाभाभींना सगळं सांगितलं, माफी मागू लागलो. त्यांनी ओढणी सारखी केली.

“माझी कशाला मागता? मी कुठे हसले होते? हे तर म्हणाले, सर आज पुस्तकात बघतील, उद्या घरी येतील. दोन दिवस दाराशी खुर्ची टाकून बसले होते. चारचौघांत बोललात ना, मग चारचौघांत सांगा.”

म्हणून इथे लिहितो आहे. त्या दिवशी सभागृहात जे हसले त्यांनी वाचावं : हसनभाई बरोबर होते. मी चुकलो, आणि चुकल्याचं कळूनही तीन वर्षं गप्प बसलो. हसनभाई, मला माफ करा.