माझाच वास

गच्चीवरच्या जाळीत अडकलेलं मांजर सोडवायला गेले आणि ते माझ्या उजव्या तळहाताला चावलं. जखम एवढीशी होती. इंजेक्शन घेऊन मी ती विसरूनही गेले. मग हात सुजला, आत पू झाला. ऑपरेशन करून डॉक्टरांनी टाके न घालता जखम तशीच उघडी ठेवली.

आता घरी रोज पट्टी बदलायची. आतली ओली पट्टी ओढली की तिच्याबरोबर पिवळट, चिकट तार निघते आणि नासल्यासारखा वास खोलीभर पसरतो. दुसऱ्या कुणाची घाण असती तर नाकाला पदर लावून उठून जाता आलं असतं. ही माझीच आहे. याच हातानं मी कणीक मळत होते. आपण स्वतःला ओळखतो ते फक्त कातडीपर्यंतच की काय?

काल पट्टी बदलून झाल्यावर माझ्या थोरल्या नणंदेनं हात धुतले आणि वरणभात कालवून त्या समोर बसल्या. मी तोंड फिरवलं.

"वन्सं, मला माझाच वास येतोय. तुम्हाला नाही येत?"

"येतोय की," घास पुढे धरत त्या म्हणाल्या. "आ कर."

मळमळत होतं, तरी मी तोंड उघडलं.