बगळ्यासारखी उभी

आचऱ्याची शेवंती डोक्यावर माशांची पाटी घेऊन आतल्या गावांत फिरे. नवरा गेल्यावर याच फेरीवर तिने गुरुदासला वाढवला. बोलत उभी राहिली की सगळा भार एका पायावर टाकायचा आणि दुसरा नुसता टेकवायचा, ही तिची सवय. बायका तिला बगळोच म्हणत.

बासष्ट साली, नारळी पौर्णिमेनंतर, रस्त्याच्या कडेला ती सोबतच्या पाटीवाल्या आनंदीशी अशीच बोलत होती. मागून चिऱ्यांची लॉरी आली. आडवा आलेला बैल चुकवताना ड्रायव्हरने ब्रेक दाबला, तरी लॉरीचा कोपरा शेवंतीच्या सैल पायाला लागलाच. ती भिंगरीसारखी फिरली आणि भाताच्या शेतातल्या चिखलात पडली. बांगडे चहूकडे पसरले. पाय सुजला, पण हाड शाबूत राहिलं.

मालवणचे डॉक्टर म्हणाले, "या पायावर भार नव्हता, म्हणून तो धक्क्याबरोबर सरकला. भाराच्या पायाला लागलं असतं, तर बहुधा हाड मोडलं असतं. नशीब समजा, बाई."

आनंदीने हे गावभर केलं. झालं! मोटारीचा आवाज आला की पाटीवाल्या बायका जागच्या जागी एक पाय सैल सोडून उभ्या राहू लागल्या.

चतुर्थीला गुरुदास मुंबईहून आला. आईचं लंगडणं बघून म्हणाला, "आये, फेरी पुरे आता. घरात बस."

"घरात बसान सुकटीसारखी सुकान जातलंय मी," ती म्हणाली. पण कर्त्या लेकाचा शब्द मोडायचा कसा?

विसर्जन झालं, पायही बरा झाला. एका सकाळी दारावरून बायका चालल्या होत्या. लॉरीचा भोंगा वाजला आणि सगळ्या रस्त्यातच बगळे झाल्या.

शेवंती पडवीतून ओरडली, "अगो येड्यांनो, उभ्या काय रवतात? माझा नशीब होता ता! आधी बांधार चढा! आणि उजव्या कडेन चला. पाटी घेवन मान वळता काय? समोरची गाडी तरी दिसतली!"

बायका हसत बांधावर चढल्या. गुरुदास चहा पीत ऐकत होता.

"तू स्वतः असा चलतलंस?" त्याने विचारलं.

"चलतलंय. आणि गजाली दारात, रस्त्यार बोलत रवचंय नाय."

दुसऱ्या दिवशी त्यानेच चुंबळ तिच्या डोक्यावर ठेवली आणि पाटी उचलून दिली.

"आये, काय वास गो!"

"ह्याच वासात वाढलंस, मेल्या!" म्हणत शेवंती रस्त्याला लागली.