गाठीची उपासमार

अस्लम तांडेल हट्टाला पेटला की समुद्रसुद्धा त्याच्यापुढे हात टेकतो, असं मिरकरवाडा बंदरावर म्हणायचे. त्याच्या बायकोला, हाजराला, या कौतुकाचा मनस्वी राग यायचा. त्या हट्टाशी संसार करायचा होता तिला, समुद्राला नव्हे.

आता अस्लमच्या आतड्यात कॅन्सरची गाठ होती आणि केमो चालू असताना त्या गाठीला उपाशी मारायचं त्याने मनावर घेतलं होतं. कॅन्सर साखरेवर जगतो, असं मोबाईलवर कुणीतरी सांगितलं. झालं! भात बंद, भाकरी बंद, ईदला वाफवलेल्या तांदळाच्या गोड सांदणालाही त्याने हात लावला नाही. डिझेल तोडलं की इंजिन बंद पडणारच, म्हणायचा. हाजरा रडली, भांडली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

केमोच्या दिवशी दवाखान्यात त्याचा सदरा सारखा करताना तिच्या हाताला खिसा जड लागला. आत जाळ्याला बांधतात त्या शिशाच्या गोळ्या. वजन घटलेलं दिसलं तर डॉक्टर उपास मोडायला लावतील, म्हणून ही तयारी. गप राहा, असं त्याने डोळ्यांनीच बजावलं.

औषधाचं माप वजनावरून ठरतं, हे नर्सने हाजराला मागेच सांगितलं होतं. खोट्या वजनाचं औषध या हाडांच्या सापळ्याला झेपणार होतं? पण चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? अस्लम काट्यावर चढला. आकडा मागच्याइतकाच आला. नर्स लिहायला वळली.

हाजराने पुढे होऊन त्याच्या खिशात हात घातला आणि गोळ्या टेबलावर ओतल्या.

डॉक्टर अक्षया रागावल्या नाहीत. त्यांनी खरं वजन घेतलं, केमो पुढे ढकलली आणि समजावलं. गाठीला साखर लागते हे खरं, पण ताटातून नाही मिळाली तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती बनवतं आणि गाठ तिथूनही आपला वाटा उचलते. उपाशी मरतो तो माणूस. औषधाने गाठीच्या पेशी मरायला हव्यात, तर आधी माणूस टिकायला हवा.

रिक्षात अस्लम तोंड फिरवून बसला. "चारचौघांत माझी लाज काढलीस."

"काढली," हाजरा म्हणाली. "लाज काय, परत येल. तुमी गेलाव तर मी कुणाशी भांडू?"

घरी तिने मऊ भात वाढला. बऱ्याच वेळाने त्याने ताट ओढलं, पण घास तोंडापर्यंत नेण्याचं बळ हातात उरलं नव्हतं. हाजराने त्याचं मनगट धरलं. भरलेलं जाळं एकट्याने ओढणारं ते मनगट तिच्या मुठीत मावलं, वर बोटं उरली.