उजवीकडची कळी

आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढे काही लपवायला जागा उरणार नाही. परदेशात मास्तर म्हणून जाता यावं यासाठी मी देवाचा कौल बिघडवला.

आमच्याकडे मोठ्या कामाआधी बिरोबाला कौल लावतात. देवाच्या दगडावर पाणी घालायचं, ओल्या दगडाला डावीकडे एक आणि उजवीकडे एक कण्हेरीची कळी चिकटवायची, मनातलं विचारायचं आणि हात जोडून बसायचं. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही म्हणाला. त्यानंतर घरात कुणी वाद घालत नाही. माझ्या आजोबांच्या काळापर्यंत आम्ही मेंढरं घेऊन हिंडणारी माणसं. कुठल्या वाटेनं जायचं, कुठल्या रानात मेंढरांचा वाडा, म्हणजे मुक्काम, बसवायचा हे असंच विचारून ठरायचं. आबा, म्हणजे माझे वडील, लहानपणी कळपामागे चालत घाट उतरून कोकणात गेलेले. नंतर न्हावऱ्याजवळ जमीन झाली, कांदा झाला, वस्ती झाली. मेंढरं थोडीच राहिली, पण बिरोबा बांधावर होता तिथेच राहिला.

मी शिकलो आणि गणिताचा मास्तर झालो. नव्वदच्या दशकातली ती शाळा विनाअनुदानित होती. मुख्याध्यापक दर जूनमध्ये मला केबिनमध्ये बोलावून सांगायचे, "पुढच्या वर्षी तुमचं पक्कं." तिशी उलटली तरी ते पुढचं वर्ष आलं नाही. दौंडच्या कॉलेजातला माझा एक मित्र मालदीवला शिकवत होता. त्यानं कळवलं की तिथल्या एका बेटावर गणिताचा शिक्षक हवा आहे. मी पुण्याला जाऊन मुलाखत देऊन आलो आणि निवड झाल्यावर घरी सांगितलं.

"कुठशिक हाय हे?" आबांनी विचारलं.

"समुद्रात."

"समुद्रात कुनाला शिकिवनार? माशांना?"

चुलते शेजारी बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "मास्तर, तितं कांदा पिकतो का बघून या. न्हाय तर आपलाच धाडू."

सगळे हसले. आबा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "बिरोबाला इचारू. तू गेल्यावर मागं घरातल्या कुनाला काय व्हनार नसंल, तरच जा."

मी घाबरलो. शाळेचा राजीनामा मी देऊन बसलो होतो. दौंडहून त्रिवेंद्रमला जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढलेलं होतं. हे दोन्ही घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. डावी कळी पडली असती तर माझ्याकडे ना इथली शाळा राहिली असती, ना तिथली.

आबांचा हात थरथरायचा, म्हणून कळ्या लावायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी दगडावर तांब्या ओतला, मांडी घातली आणि डोळे मिटले. मी डावी कळी चांगली दाबून लावली. मग उजवीकडचा दगड अंगठ्यानं पुसला, जिथे कळी बसणार तेवढाच. कळी टेकवली आणि हात मागे घेतला. आबांचं विचारून पुरं होतं न होतं, तोवर ती खाली आली.

"बघ," आबांनी डोळे उघडले. "लगीच दिला. तुजी वाटच बघत हुता जणू."

दौंडला गाडीत बसवायला ते आले. बायको डब्याचं बघत होती, पोरगी तिच्या कडेवर झोपली होती. आबा खिडकीच्या गजांना धरून म्हणाले, "मागची काळजी करू नगंस. देवानं घर अंगावर घेतलंय." गाडी हलली आणि मला भीती वाटायला लागली. ती पुढे फार दिवस गेली नाही.

बेट एवढं लहान होतं की शाळेच्या व्हरांड्यात उभं राहिलं तर दोन्ही बाजूंना समुद्र दिसायचा. आमच्या भागात पाणी दिसलं की माणसाला बरं वाटतं. मला तिथे पाणी बघवत नसे. वर्गात फळ्याकडे तोंड केलं तरी लाटांचा आवाज पाठीवर यायचा. वारा वाढला की मुलं खूश व्हायची आणि मी खडू हातात धरून नुसता उभा राहायचो.

एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्हाला पोहता येतं का?"

"येतं. विहिरीत शिकलो."

सगळा वर्ग हसायला लागला. त्यांच्या विहिरी कमरेएवढ्या, वाळू उकरली की पाणी. "विहिरीत कसं पोहायचं, सर? पाय टेकतात की!" मी त्यांना आमच्या विहिरीचं चित्र काढून दाखवलं, पायऱ्या, मोटेची जागा, खाली काळं पाणी. मुलं चित्राजवळ गोळा झाली. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "एवढं खाली? भीती नाही वाटत?" मी नाही म्हणालो. ते खरं होतं. विहिरीची मला भीती नव्हती, कारण तिला चहूकडून कडा होत्या.

समुद्राची भीती लोकांना सांगता यायची, आणि ते हसायचे. दुसरी भीती सांगता येत नव्हती. मी देवाची परवानगी न घेता आलो होतो. साधा ताप आला तरी मला वाटायचं, आता सुरू झालं. मित्र दुसऱ्या बेटावर होता. त्यालाही मी बोललो नाही. शिकलेला माणूस काय दगड आणि कळ्या घेऊन बसलास, असं तो म्हणाला असता, आणि मीसुद्धा दिवसा स्वतःला हेच म्हणत होतो.

शुक्रवारी शाळेला सुट्टी असे. धक्क्याजवळ कार्डाचा फोन होता. तिथून मी न्हावऱ्यात एसटी स्टँडजवळच्या दुकानात फोन लावायचो. बायको चुलत्यांच्या गाडीवर बसून तिथे येऊन थांबायची.

आबांना ती मामा म्हणायची. एका शुक्रवारी ती म्हणाली, "मामांच्या पायाला ठेच लागलीया. कायी न्हाई, जरा नख गेलंय." पुढे कधीतरी म्हणाली, "जखम भरंना. डॉक्टर म्हनत्यात साखर हाय. दौंडला न्या म्हनत्यात, मोठ्या डॉक्टरकडं."

"मग ने की."

"ऐकत्यात व्हय? म्हनत्यात, देवानं उजवा दिलाय, घरातल्या कुनाला काय व्हनार न्हाई. हळद भरत्यात आन् मेंढरांमागं हिंडत्यात. अहो, वास यायला लागलाय."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय न्हवं? तुम्हीच सांगा त्यांना. पुढच्या शुक्रवारी घेऊन येते."

तो सगळा आठवडा मी एकच वाक्य घोकत होतो. आबा, तो कौल देवानं दिला नव्हता, मी पाडला होता. वर्गात समीकरणं सोडवताना तेच वाक्य, जेवताना तेच. एवढं बोललो असतो तर आबा त्याच दिवशी दवाखान्यात गेले असते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पुढे मी स्वतःला सांगून पाहिलं की तेव्हा कळलं नव्हतं. ते खोटं आहे.

शुक्रवारी आबा फोनवर आले. समुद्रापलीकडे ऐकू जावं म्हणून ते ओरडूनच बोलत होते.

"बरा हायस का? पान्याला भेत न्हाईस ना?"

"न्हाई, आबा. पायाचं कसं हाय?"

"पायाचं काय? त्यो बघतोय की."

"आबा, डॉक्टरकडं जावा."

"अरं, देवानं घर अंगावर घेतलं आन् मी डॉक्टरकडं पळालो, तर त्येला काय वाटंल? म्हनंल, म्हाताऱ्याचा माज्यावर इस्वास न्हाई."

वाक्य तोंडात आलं होतं. माझ्या मागे फोनसाठी माणसं उभी होती. त्यांना मराठी कळत नव्हतं, तरी मला त्यांची लाज वाटली. तिकडे दुकानात कोण कोण बसलं असेल ते मला दिसत होतं. आबा तिथेच, त्या सगळ्यांसमोर, फोन हातात धरून काय करतील याची मला भीती वाटली. ते मला परत बोलावतील, पुन्हा तोंड बघणार नाहीत, असं सगळं एकदम मनात आलं.

मी म्हणालो, "हितं मासं लई ताजं मिळत्यात, आबा."

"खा मग," आबा हसले. "मास्तर झालास आन् मासं खायला लागलास."

मी फोन ठेवला. कार्ड संपलं असं नंतर बायकोला सांगितलं. कार्ड संपलं नव्हतं.

त्यानंतर वारं फिरलं. होड्या बंद झाल्या, फोन लागेना. मी रोज धक्क्यावर जाऊन रिसीव्हर कानाला लावायचो आणि आत नुसती खरखर ऐकू आली की मला सुटल्यासारखं वाटायचं. हे लिहिताना हात अडखळतो, पण तसंच वाटायचं.

एके दिवशी हेडमास्तरांनी मला तासावरून बोलावलं. ऑफिसच्या फोनवर चुलते होते. "मास्तर, आबा बेसुद पडलं. पुन्याला आनलंय. पाय काढाया लागंल म्हनत्यात. तू ये."

राजधानीच्या बेटावर जायला त्या दिवशी एकच होडी निघणार होती. तिथे तिला धोणी म्हणतात. समुद्र खवळलेला होता. होडी वर चढायची आणि खाली आपटायची, आणि प्रत्येक वेळी फळ्यांचा आवाज व्हायचा. शेजारचा म्हातारा माझा दंड धरून बसला होता. मी उलट्या करत होतो आणि बिरोबाला म्हणत होतो, मला काय करायचं ते कर, आबांना सोड. मग लाट यायची आणि मी म्हणायचो, मला पण सोड, मी घरी जाऊन सगळं सांगतो. एवढ्या भीतीतही मी देवाशी घासाघीस करत होतो.

पुढे विमान, आणि त्रिवेंद्रमहून रेल्वे. दौंड आलं. खिडकीतून तोच फलाट दिसला. मी उतरलो नाही, तसाच पुण्याला गेलो.

आबांचा पाय गुडघ्याखाली काढला होता. चादर एका बाजूला उंच होती आणि दुसरीकडे मध्येच सपाट झाली होती. मी कॉटजवळ उभा राहिलो. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "घाबरला आसशील ना पान्यात?"

मी त्या सपाट चादरीकडे बघत रडायला लागलो.

"रडू नगं. पाय गेला, पर जीव राखला बघ. त्येनं शबूद पाळला."

त्यांनी स्वतःच मला सुटायला वाट दिली होती, आणि मी ती घेतली. घरी आणल्यावरही घेत राहिलो. बायको जखम धुवायची, मी पाणी धरायचो. चुलते सांगायला यायचे की आबांचं नशीब थोर, आणि मी मान डोलवायचो. कळपामागे कोकणापर्यंत चाललेला माणूस अंगणात उचलून ठेवावा लागत होता. मेंढरं दुसऱ्याच्या ताब्यात गेली. संध्याकाळी ती बांधावरून जायची तेव्हा आबा त्यांना हाका मारायचे.

मग एका सकाळी ते म्हणाले, "तुजी रजा कवा सरती?"

"मी जात न्हाई आता."

"ते तू न्हाई ठरवायचं. चल, देवाला इचारू. माजा हात काय थिर ऱ्हात न्हाई, कळ्या तूच लाव."

मी त्यांना पाठीवर घेतलं. ते फार हलके झाले होते. बांधापर्यंत जाताना ते माझ्या कानाशी बोलत होते, कांद्याला पाणी कमी पडतंय, त्या लिंबाची फांदी छाटली पाहिजे. त्यांना दगडासमोर बसवलं, पाठीला घोंगडं दिलं. बायको कण्हेरीच्या कळ्या घेऊन आली होती. तिला मी जायला सांगितलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेली.

दगडावर पाणी घातलं. डावी कळी लावली. उजवी बोटांत धरली. आबांनी डोळे मिटले होते. मागल्या वेळी मिटले होते तसेच, अगदी निर्धास्त. माझा अंगठा दगडाजवळ गेला आणि मी तो मागे घेतला. त्या होडीत बसलो होतो तेव्हासुद्धा एवढा घाबरलो नव्हतो.

"आबा, डोळं उघडा."

"लावलीस?"

"न्हाई. आबा, मागल्या टायमाला उजवीकडचा दगड मी पुसून कोरडा केला हुता. अंगठ्यानं. म्हणून कळी पडली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग दगडाकडे बघितलं.

"मग त्येनं काय सांगितलं आसतं तवा?" त्यांनी हळू विचारलं.

"ठावं न्हाई. मी सांगूच दिलं न्हाई."

"आन् फोनवर? मी फोनवर बोललो तवा तुला ठावं हुतं?"

"व्हय."

त्यांनी घोंगडं अंगाभोवती ओढून घेतलं. मी वाकलो. पाया पडताना दोन पाय धरायची हाताला सवय असते, त्यामुळे माझा एक हात रिकाम्या जागी मातीवर टेकला. तो तसाच राहू दिला. उरलेल्या पावलावर कपाळ ठेवून मी म्हणालो, "आबा, चुकलं माजं. कौलाचं चुकलं, पर त्याच्यापरीस फोनवर गप्प बसलो ते लई चुकलं. एक शबूद बोललो आसतो तर तुमचा पाय ऱ्हायला आसता. मी भ्यालो. मला माफ करा."