पुलीचा दोष

कासारवाडीच्या भीमराजांनी भोसरीच्या एका कंपनीत चौतीस वर्षं फिटरकी केली. मशीन बिघडली की दोष कुठे आहे ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. निवृत्तीनंतर मशीन सुटली, दोष काढायची खोड काही सुटली नाही. मागच्या पावसाळ्यात चिकनगुनियानं त्यांचे सांधे धरले, मनगटातली ताकद गेली, आणि तेव्हापासून घरातली एकेक वस्तू नादुरुस्त होत गेली.

बिस्किटांच्या बरणीचं झाकण उघडेना, तर म्हणे त्याचे आटे खराब. खुर्चीतून उठता येईना, तर खुर्चीच दोन इंच बुटकी. शर्टाचं बटण लागेना तेव्हा त्यांनी शिंप्याचा उद्धार केला.

"अहो, सगळ्या घराचं ब्रेकडाउन झालंय, एकटे तुम्हीच तेवढे चालू," त्यांची बायको कस्तुराबाई बटण लावता लावता म्हणायची.

बुद्धपौर्णिमा जवळ आली तशी मात्र तिची थट्टा आटली. विहारासमोरचा ध्वजाचा खांब भीमराजांनीच उभा केलेला, आणि बावीस वर्षं पंचशील ध्वज त्यांच्याच हातानं चढत होता. यंदा तो चारचौघांत अडकला, तर हा माणूस पुन्हा विहाराकडे फिरकायचा नाही, हे ती ओळखून होती.

आदल्या दिवशी भीमराजांनी दोरी ओढून पाहिली. ध्वज निम्म्यावर जाऊन थांबला. त्यांनी वर पाहिलं, कान दिला आणि निदान केलं, "पुली जाम आहे."

मुलगा संघर्ष चाकणला मेंटेनन्समध्ये. तो शिडी लावून वर चढला. पुली एका बोटानं गरगर फिरत होती. त्यानं खाली बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

"हो बाबा, जाम आहे," तो म्हणाला. मग उगाच दहा मिनिटं वर थांबून, ग्रीस लावून उतरला.

पोराची माया खरी, पण तिनंच बापाची पंचाईत केली. दुसऱ्या दिवशी सकाळी माइक हातात येताच भीमराजांनी जाहीर करून टाकलं, "पुली पार नव्यासारखी झालेली आहे. आता कसलीही तक्रार राहिलेली नाही."

वंदना झाली. त्यांनी दोरी ओढायला घेतली. ध्वज वर निघाला आणि बरोबर निम्म्यावर थांबला. त्यांनी पुन्हा जोर लावला; दोरी हलेना. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, सगळे वर बघत होते. कस्तुराबाईचा जीव कासावीस झाला, पण बोलावल्याशिवाय पुढे जाणं तिला बरं वाटेना. भीमराजांनीही वर पाहिलं. पुलीला नाव ठेवायची आता सोय नव्हती.

"कस्तुरा, इकडे ये," ते म्हणाले. "पुली चांगली आहे. माझेच हात गेलेत."

शेजारचा माइक चालूच होता. सगळ्या वस्तीनं ते ऐकलं, आणि कुणीही हसलं नाही. कस्तुराबाईनं त्यांच्या हाताखाली दोरी धरली. दोघांनी मिळून ध्वज वर नेला, ध्वजाची गाठ सुटली, आत बांधलेली फुलं दोघांच्या डोक्यावर पडली.

घरी आल्यावर भीमराजांनी बिस्किटांची बरणी काढली आणि बायकोपुढे धरली. तिनं जोर लावला. पदरात धरून पुन्हा लावला. झाकण हललं नाही. ती आपल्या बोटांकडे बघत राहिली.

भीमराजांनी बरणी तिच्या हातातून हळूच काढून घेतली.

"आटेच खराब आहेत," ते म्हणाले.