रेषेवरची टाच

आमचे हे, म्हणजे गुरुदत्त, मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाहीत. चिंचवडला मोजमाप तपासणीत होते. अठ्ठ्याण्णव साली आम्ही बर्लिनला आलो, तेव्हा इथल्या गिअर बनवणाऱ्या कंपनीनेही त्यांना मोजमापाच्याच खोलीत बसवलं. घरमालकाने वोनुंग, म्हणजे भाड्याची जागा, एकाहत्तर चौरस मीटरची म्हणून दिली होती. ह्यांनी पहिल्याच शनिवारी जमिनीवर पालथं पडून मोजली, ती एकोणसत्तर भरली आणि त्यांनी ते घरमालकाला लेखी कळवलं. तेव्हापासून तो जिन्यात दिसला की आम्हाला बघून न बघितल्यासारखं करतो.

त्या काळात बर्लिनमध्ये अमेरिकन फुटबॉलचा एक व्यावसायिक संघ होता. नाव घेत नाही, उगाच जुनी भांडणं उकरायला नकोत. ह्या खेळात चेंडू दहा यार्ड पुढे गेला की नाही हे मैदानावर चक्क साखळी लावून मोजतात आणि ती धरायला गावातलीच हौशी माणसं लागतात. ऑफिसातल्या कुणीतरी ह्यांचं नाव सुचवलं. मोजायचं, आणि तेही दहा हजार लोकांसमोर! हे हरखले. क्लबाने जॅकेट दिलं. अट एकच होती, साखळीवाल्याने तोंड उघडायचं नाही. टाळ्या नाहीत, मत नाही, हूं नाही की चूं नाही. भटजींचं घड्याळ चाळीस सेकंद मागे आहे हे अंतरपाटापलीकडून सांगणारा हा माणूस रविवारी तीन तास गप्प उभा राहायचा. मी तर तेवढं बघायलाच जायचे.

थट्टा राहू दे. तिथे ते सुखी होते. ऑफिसात आठ वर्षांत कुणाला त्यांचं नाव धड उच्चारता आलं नव्हतं, पण मैदानावर त्यांनी खांब रोवून साखळी ताणली की अमेरिकेतून आलेले आडदांड खेळाडू श्वास रोखून त्यांच्या हाताकडे बघायचे.

दोन हजार सहाच्या जूनमधला सामना. आमचा संघ चार गुणांनी मागे, शेवटचे आठ सेकंद. चेंडू मैदानाच्या कोपऱ्यात फेकला गेला आणि आमच्या एका खेळाडूने हवेत झेपावून तो धरला. नियम असा, की झेल घेऊन खाली येताना दोन्ही पाय पांढऱ्या रेषेच्या आत पडले पाहिजेत, रेषेला नुसता स्पर्श झाला तरी झेल बाद. पंचांनी दोन्ही हात वर केले, झेल मान्य, सहा गुण! सगळं स्टेडियम नाचायला लागलं. मी प्रेक्षकांत त्या रेषेच्या अगदी सरळ मागे बसले होते. मीही उडी मारली आणि शेजारच्या अनोळखी बाईंना मिठी मारली.

आणि चार पावलांवर उभे असलेले आमचे हे बोलले. "एक्स्क्यूज मी, टाच रेषेवर होती."

"सर, तुम्ही साखळी धरा," पंच म्हणाले. त्यांनी बाकीच्या पंचांशी कुजबूज केली, निर्णय कायम ठेवला आणि आम्ही जिंकलो. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण ह्यांनी खिशातून टेप काढली, गुडघ्यांवर बसले आणि रेषेच्या पांढऱ्या रंगावर उमटलेला बुटाचा ठसा मोजला. दोन सेंटीमीटर. हे सगळं मोठ्या पडद्यावर दिसत होतं. नाचणारे लोक नाचता नाचता ओरडायला लागले. आमची स्पृहा तेव्हा चौदा वर्षांची. "पापा, बिटे नाइन!" अशी 'नको ना'ची जर्मन विनवणी करत ती खुर्चीखाली शिरली.

सोमवारी क्लबातल्या बाईंचा फोन आला. ह्या वेळी माफ केलं, पण त्या झेलाबद्दल आणखी एक शब्द निघाला तर साखळीचं काम बंद. मी म्हटलं, थोडक्यात सुटलो.

मंगळवारी हे रिपोर्ट लिहायला बसले. त्यांच्या धंद्यात सदोष माल बाहेर गेला की काय चुकलं, का चुकलं आणि पुन्हा चुकू नये म्हणून काय करावं, हे लिहून द्यावं लागतं. चार पानं झाली, टाचेची आकृती वेगळी. खाली दोन सह्यांची जागा. एकट्याच्या नजरेवर त्यांच्याकडे काहीच पुढे जात नाही, दुसऱ्यानेही पाहिलेलं लागतं. ह्याला जर्मन लोक 'चार डोळ्यांचा नियम' म्हणतात आणि आमचे हे तो जर्मनांपेक्षा जास्त पाळतात.

"कुंदा, तू रेषेच्या सरळ मागे होतीस. टाच दिसली असेल तुला."

दिसली होती. लख्ख दिसली होती. उडी मी त्यानंतर मारली होती.

"नाही हो, मला कुठलं दिसायला? पुढचा माणूस उभा राहिला होता ना."

"आल्झो, मग नाही पाठवता येणार," म्हणत त्यांनी कागद फाइलला लावले. वाद नाही, काही नाही. ह्यांचे रविवार वाचवले म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पुढच्याच आठवड्यात ते डोळे तपासून आले. डोळे ठणठणीत होते. तरी ऑफिसात एकेक गिअर तीन-तीनदा मोजायला लागले, घरी यायला उशीर व्हायला लागला. एकदा बाहेर पडताना दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि मला विचारलं, "कुंदा, हे लागलेलंच दिसतंय ना गं तुलाही?"

ह्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला असं विचारलं नव्हतं. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता आणि मी तर धडधडीत खोटं बोलले होते. परत येऊन मी फाइल काढली आणि सही ठोकली.

"दिसली होती मला टाच," मी म्हटलं. "तुम्हाला काढून टाकतील म्हणून खोटं बोलले."

त्यांनी कागद जवळ ओढून सही तपासली.

"आणि तो पुढचा माणूस?"

"नव्हताच."

"तारीख घाल," ते म्हणाले.

दहा दिवसांनी क्लबाचं उत्तर आलं. निर्णय अंतिम आहे. आजवरच्या सेवेबद्दल आभार. जॅकेट धुऊन परत करावं. वाचताना माझे डोळे भरून आले. माझ्या सहीने त्यांचे रविवार गेले होते. ह्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, दोनदा वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला.

"बघ कुंदा," ते म्हणाले, "टाच आत होती, असं त्यांनी कुठेही लिहिलेलं नाही."